सारायेव्होला गेलेले दांपत्य

लग्नाचा वाढदिवस आला की आमच्या धर्मग्रामातील पतिपत्नी सकाळच्या मिस्साला येतात, आशीर्वाद घेतात आणि मग एखाद्या मोठ्या शहराची वाट धरतात. त्यांस निरोप देताना आम्हांस इतिहासातील एका कॅथलिक दांपत्याचे स्मरण होते. लग्नाचा चौदावा वाढदिवस तीन दिवसांवर आलेला असताना ती दोघे एका शहरात गेली आणि परत आली नाहीत. त्यांच्या मृत्यूविषयी शालेय पुस्तकात आपण दोन ओळी वाचलेल्या असतात. त्यांच्या संसाराविषयी मात्र क्वचितच कोणी सांगतो.

फ्रान्झ फर्डिनांड हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस, वृद्ध सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचा पुतण्या. १८९३ च्या आरंभी जगप्रवासाच्या ओघात तो मुंबईसही येऊन गेला होता. पुढे त्याचे मन जडले ते सोफी खोटेक या बोहेमियातील सरदारकन्येवर. ती एका राजस्त्रीच्या पदरी मानकरीण होती. घराणे जुने व प्रतिष्ठित. परंतु हाब्सबर्ग राजकुळाच्या नियमानुसार वारसाची वधू राजघराण्यातीलच असावी लागे. त्याने हट्ट सोडला नाही. अखेर सम्राटांनी अनुमती दिली, ती अटींवर. २८ जून १९०० रोजी दरबारासमक्ष त्याने शपथ घेतली की, आपली पत्नी सम्राज्ञी होणार नाही आणि आपल्या मुलांस गादीचा हक्क राहणार नाही. तीन दिवसांनी, १ जुलै रोजी, बोहेमियातील राइखस्टाट येथे विवाह झाला. सम्राट आले नाहीत. वराचे सख्खे भाऊही आले नाहीत. आली ती सावत्र आई आणि तिच्या दोन मुली.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने हा विवाह इतर कोणत्याही विवाहाइतकाच परिपूर्ण साक्रामेंत होता. उणेपण होते ते दरबाराच्या नजरेत. तेथे सोफीचे स्थान राजकुळातील सर्वांत धाकट्या मुलीच्याही मागे. राजभोजनास पतीच्या शेजारी बसण्याची तिला मुभा नव्हती. समारंभाच्या मिरवणुकीत त्याच्या गाडीत तिला जागा नव्हती. हा अपमान तिने चौदा वर्षे मुकाट्याने सोसला. तिच्या पतीस आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. तो शीघ्रकोपी होता, आणि शिकारीचा नाद एवढा की त्याच्या नोंदवहीत अडीच लाखांहून अधिक प्राणी व पक्षी नोंदलेले आहेत. परंतु घरी तो पत्नीत व तीन मुलांत रमणारा गृहस्थ होता, याविषयी दुमत नाही.

जून १९१४ मध्ये सैन्याचा महानिरीक्षक या नात्याने तो बोस्नियातील लष्करी कवायती पाहण्यास निघाला. दौरा लष्करी असल्याने तेथे दरबाराचे नियम तेवढे काटेकोर नव्हते. सोफी बरोबर गेली. त्या प्रांताची राजधानी सारायेव्हो येथे पतीच्या शेजारी, उघड्या मोटारीत, लोकांदेखत बसण्याची संधी तिला मिळणार होती. नियोजित दिवस रविवार, २८ जून. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या शपथेचीच तारीख. सर्ब लोकांच्या दृष्टीने हा १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईचा स्मृतिदिन. त्याच दिवशी परक्या सत्तेचा वारस यावा हे अनेकांस झोंबणारे होते.

सकाळी मिलियाच्का नदीकाठच्या रस्त्याने मोटारी निघाल्या. चाब्रिनोविच नावाच्या तरुणाने बाँब फेकला. तो मागल्या गाडीपाशी फुटला आणि अनेक जण जखमी झाले. नगरभवनातील स्वागत कसेबसे उरकल्यावर जखमी अधिकाऱ्यास भेटण्यासाठी इस्पितळात जाण्याचे फर्डिनांडने ठरविले. सोफीने आता सुरक्षित ठिकाणी जावे, असे सुचविले गेले. तिने नकार दिला. पती लोकांसमोर जाणार असेल तोवर आपण त्याची बाजू सोडणार नाही, असे तिने सांगितले. ज्या बाजूस बसण्याचा हक्क दरबाराने तिला नाकारला होता, ती बाजू तिने प्राणसंकटातही सोडली नाही.

मार्ग बदलल्याचे चालकास कोणी कळविलेच नव्हते. लॅटिन पुलापाशी त्याने जुन्या मार्गाने वळण घेतले, चूक लक्षात आणून देताच गाडी थांबविली, आणि नेमका तेथेच एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या सुटल्या. मुलांसाठी तू जिवंत राहा, अशी पत्नीस केलेली विनवणी हे फर्डिनांडचे अखेरचे शब्द सांगितले जातात. थोड्याच वेळात दोघांची प्राणज्योत मालवली.

व्हिएन्नामध्ये शवपेट्या शेजारी ठेवल्या गेल्या. पण सोफीची पेटी खालच्या पायरीवर, आणि तीवर पांढरे हातमोजे व पंखा, जणू ती अजूनही मानकरीणच! राजकुळाच्या दफनगृहात तिला जागा मिळणार नाही हे ओळखून फर्डिनांडने आर्टश्टेटेन येथे आधीच दफनगृह बांधून घेतले होते. तेथे दोघे आज शेजारी शेजारी विसावली आहेत.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. २८ जुलै रोजी युद्ध पेटले, चार वर्षांत लक्षावधी माणसे मेली आणि १९१८ मध्ये ते साम्राज्यच नाहीसे झाले. बारा, अकरा व दहा वर्षांची ती तीन मुले पोरकी झाली. दोघा मुलांस १९३८ मध्ये नाझींनी डाखाउच्या छळछावणीत धाडले, तेथूनही ते जिवंत परतले.

फर्डिनांडच्या मुलांचा हक्क हिरावल्यामुळे गादी त्याचा पुतण्या कार्ल याजकडे गेली. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्लला धन्यवादित घोषित केले. त्याचा सण मृत्युदिनी अगर राज्यारोहणदिनी नाही. तो २१ ऑक्टोबरला, त्याच्या व झिटाच्या लग्नाच्या वाढदिवशी येतो. राजदरबाराने एका विवाहाला पायरीखाली ठेवले. ख्रिस्तसभेने त्याच घराण्यातील दुसऱ्या विवाहाचा दिवस वेदीवर नेला. आमच्या धर्मग्रामाच्या विवाह नोंदवहीत सर्व नावे एकाच शाईने लिहिलेली आहेत. वाढदिवसाच्या सहलीला निघालेल्या जोडप्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: शहर कोणतेही असो, शेजारची जागा मोलाची आहे.