एका शब्दाची एकच प्रत : स्ट्रिंग इंटर्निंगचा इतिहास

स्ट्रिंगची तुलना == ने करू नका, असे जावा शिकताना तुम्हाला बजावले गेले असेल. तरी प्रोग्राममध्ये थेट लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंगवर ते करून पाहा. उत्तर ‘ट्रू’ येते. अशा स्ट्रिंगची एकच प्रत जावा एका तक्त्यात ठेवते आणि दोन्ही ठिकाणी तिचाच पत्ता देते. यालाच इंटर्निंग म्हणतात, आणि ही युक्ती जावाहून पुष्कळ जुनी आहे.

१९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत लिस्प भाषेचे काम सुरू केले. हाताशी यंत्र होते आयबीएम ७०४. त्याचा वर्ड ३६ बिटांचा, म्हणजे त्यात सहाच अक्षरे मावत. लिस्पचा सारा कारभार सिंबॉलवर. दर तुलनेला नाव अक्षरशः तपासत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून आलेले नाव आधी ‘ऑब्जेक्ट लिस्ट’मध्ये शोधायचे. सापडले तर जुनाच पत्ता, नाहीतर नवी नोंद. त्यानंतर ‘इक्यू’ हे फंक्शन फक्त दोन पत्ते ताडून पाही. नाव दोन अक्षरी असो की वीस, काम तेवढेच! लिस्प १.५ मध्ये ही यादी बकेटांत विभागलेली दिसते. तुमच्या अभ्यासक्रमातले हॅश टेबल ते हेच.

शब्द ठेवायचा कसा, हा प्रश्न असा लवकर सुटला. काढायचा केव्हा, हा मात्र कित्येक वर्षे छळत राहिला, आणि माझ्या मते या इतिहासाचा खरा भाग तोच आहे. तक्ता स्वतःच प्रत्येक शब्दाला धरून बसला, तर गार्बेज कलेक्टर काय करणार? जावाच्या हॉटस्पॉटमध्ये इंटर्न केलेल्या स्ट्रिंग आधी ‘पर्मजेन’ या मर्यादित जागेत राहत. २०११ च्या जावा ७ पासून त्या मुख्य हीपमध्ये आल्या. रुबीत तर बाहेरून आलेल्या मजकुरापासून बनवलेले सिंबॉल कधीच मोकळे होत नसत. कोणी मुद्दाम नवनवी नावे पाठवत राहिला की सर्व्हरची मेमरी संपलीच. रुबी २.२ ने डिसेंबर २०१४ मध्ये ही वाट बंद केली.

अर्लांगने वेगळे ठरवले. तिथे अ‍ॅटम गोळा केले जात नाहीत. मूळ मर्यादा १०,४८,५७६, ती ओलांडली की अख्खे व्हर्च्युअल मशीन कोसळते. म्हणून तिथे आधीपासून असलेलाच अ‍ॅटम देणारे आणि नवा बनवायला नकार देणारे वेगळे फंक्शन आहे. बाहेरून आलेल्या मजकुरासाठी तेच वापरा.