अक्षर आणि अक्षराचे चित्र : घरच्या संगणकातल्या मराठीचा इतिहास



आजचा विषय आहे घरच्या संगणकाचा आणि इंटरनेटचा अधिक उपयोग. कोणते बटण कुठे दाबायचे ते तुमची नातवंडे माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मी तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, मी तुम्हाला थोडा इतिहास सांगणार आहे. मराठी घरात संगणक आला तो टंकलेखन यंत्र म्हणून. पत्र लिहायचे, छापायचे, झाले. तो ग्रंथालय कधी झाला, आणि काही घरांत अजूनही का झाला नाही, हे कळले की उपयोग आपोआप सुचत जातो.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, 'बी' म्हणजे ६६, असे अमेरिकेत १९६०च्या दशकात ठरले. त्या कोष्टकात जागा होत्या १२८. त्यात देवनागरी नव्हती. असण्याचे कारणही नव्हते म्हणा.

मग आपल्याकडे दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अभ्यासाची. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झाले, ते पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. १९९१ साली 'इस्की' नावाचे भारतीय लिप्यांचे मानक ठरले. त्यातला विचार फार सुंदर आहे. क, ख, ग यांना आकडे द्यायचे, ते वर्ण म्हणून. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तोंडातून क आधी येतो आणि इकार नंतर. म्हणून साठवतानाही क आधी. दिसण्याचा क्रम नव्हे, उच्चाराचा क्रम! आपल्या व्याकरणकारांनी वर्णमाला उच्चारस्थानांवरून लावली, तीच दृष्टी इथे आहे.

दुसरी वाट व्यवहाराची. छापखान्यांना घाई होती, लग्नपत्रिका उद्या हवी होती. तेव्हा युक्ती निघाली ती फाँटची. संगणकाला वाटू द्यायचे की आपण इंग्रजीच लिहितो आहोत, फक्त त्या इंग्रजी अक्षरांचे चित्र बदलायचे. कृतिदेव या प्रसिद्ध फाँटमध्ये 'राम' लिहायचे असेल तर जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे दाबावी लागतात. पडद्यावर 'राम' दिसतो, पोटात मात्र 'जेकेई' असते. वेदान्ताच्या वर्गात अध्यास समजावून सांगताना मी दोरीवरच्या सापाचे उदाहरण देत असे. आता वाटते, हे उदाहरण मुलांना लवकर पटले असते.

छपाईसाठी ही युक्ती उत्तम होती. कागदावर शाई उमटली की पोटात काय होते हे कोण विचारतो? अडचण आली ती कागद सोडल्यावर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. टेलिफोनच्या तारेवरून, कुंई-कुंई आवाज करत जोडणी व्हायची. हळूहळू मराठी वर्तमानपत्रे तिथे आली, पण आधी आमचा फाँट उतरवून घ्या, मग वाचा, अशी पाटी. एकाचा फाँट दुसऱ्याला चालेना. परदेशातला मुलगा आईला मराठीत पत्र लिही म्हणायचा, आणि आईच्या पत्राच्या जागी त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून कित्येकांनी रोमन लिपीतच मराठी लिहिले.

याला उत्तर तयार होत होते. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच कोष्टक, म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यातली देवनागरी इस्कीच्या पायावरच उभी आहे. त्यात क म्हणजे २३२५, जगात कुठेही, कोणत्याही फाँटमध्ये. विंडोजमध्ये ही सोय २००० साली आली. त्यानंतरच्या एक्सपीमध्येही ती सीडी घालून चालू करावी लागे. पण ती झाली आणि चित्र पालटले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येऊ लागले. वाईचा मराठी विश्वकोश घरात आला. जे खंड पाहायला ग्रंथालयाच्या वेळा सांभाळाव्या लागत, ते रात्री अकरा वाजता उघडता येतात.

इथे माझा मुख्य मुद्दा. संगणकाची खरी ताकद लिहिण्यात नाही, शोधण्यात आहे. आणि शोधता येते ते फक्त अक्षर. अक्षराचे चित्र शोधता येत नाही. साधारण १९९० ते २००५ या काळात मराठी माणसाने घरच्या संगणकावर केलेले लेखन बघा. आत्मचरित्रे, कुळाचे वृत्तान्त, गावाच्या आठवणी, मंडळांच्या स्मरणिका. ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या कपाटात, चकतीवर, जुन्या फाँटमध्ये पडून आहे. आजोबांनी गावाचे नाव शंभर वेळा लिहिले असेल, नातीने ते नाव शोधले तर एकदाही सापडणार नाही. मोडीतली दफ्तरे वाचायला माणूस मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. ही नवी मोडी आपण आपल्या हाताने, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तयार केली आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. जुन्या फाइलमधला एक शब्द उचला आणि शोधाच्या चौकटीत टाका. मराठीच दिसला तर ठीक. इंग्रजी अक्षरे दिसली तर ते लेखन कुलूपबंद आहे असे समजा. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, फाँटचे नाव टिपून घ्या आणि रूपांतर करणारे साधन वापरून ती युनिकोडमध्ये आणा. मग शांतपणे एकदा वाचून काढा, कारण जोडाक्षरे आणि रफार इथे चुका राहतात. नुसता छापील कागद उरला असेल तर त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्या. चित्रातली मराठी अक्षरे ओळखणारी साधनेही आता आहेत.

एक बारकावाही सांगतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत. दिसायला दोन्ही सारखे, आकडे वेगळे. म्हणून 'ॲसिड' सापडले नाही तर दुसऱ्या पद्धतीने लिहून पाहा. शोधणाऱ्याने थोडे हट्टी असावे.

हे काम तरुणांवर सोडू नका. त्यांना साधने येतात, पण आत्याबाईंच्या सासरचे आडनाव काय होते, लेखातला 'तो वाडा' कोणता, हे तुम्हालाच ठाऊक आहे. रोज दोन पाने म्हटली तरी वर्षात सातशे होतात. वेळ आपल्याकडे आहे, आणि तो किती आहे हे आपल्या वयाला सांगायला नको.

आता प्रश्न असतील तर घेऊ.