आगमनकाळ आणि टिळकांचा पगार

नाताळापूर्वीचे चार रविवार हा ख्रिस्ती मंडळींचा आगमनकाळ, वाट पाहण्याचा. आम्ही भिंगारचे, शेजारच्या नगरात अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले. त्याच मिशनमध्ये कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अनेक वर्षे नोकरी केली, अभंग-कीर्तनांतून ख्रिस्त सांगितला. १९१७ साली, आमच्याच वयाचे असताना, त्यांनी पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला.

आमचे आयुष्य पगारासाठी भांडण्यात गेले. कामगाराने पगार सोडावा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण टिळकांनी एक गोष्ट शिकवली : ज्याची वाट पाहायची, त्याच्यासाठी आधी जागा करावी लागते. नव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आम्ही स्वतःला एवढेच विचारतो : आपण काय बाजूला सारले?