ड्रोनवरचा मोबाइल टॉवर: जमिनीवरचं नेटवर्क गेलं की आकाशातून रेंज कशी मिळते?

जुलै २०२१ मधला पूर आठवतोय? २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. वीज गेली, पाठोपाठ अनेक ठिकाणी मोबाइलची रेंजही गेली. पुण्या-मुंबईत राहणारी कितीतरी माणसं गावाकडचा फोन लागतोय का, एवढंच तपासत बसली होती. योगायोग असा की त्याच्या आदल्याच दिवशी चीनच्या हनान प्रांतात अशाच पुरात अडकलेल्या एका गावावर ड्रोन आला आणि लोकांच्या फोनवर रेंजच्या दांड्या दिसू लागल्या.

हे नेमकं कसं होतं, याची माहिती आज घेऊया. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हार्डवेअरचा भाग जमेल तितका सोपा करून सांगतो.

रेंज जाते म्हणजे काय होतं?

आपल्याला वाटतं की वादळात टॉवर पडला म्हणून रेंज गेली. बऱ्याचदा टॉवर जागेवरच उभा असतो. त्याला चालू राहायला दोन गोष्टी लागतात: वीज, आणि कंपनीच्या मुख्य नेटवर्कशी जोडणी. वीज गेली की बॅटरी काही तास साथ देते. मग डिझेल जनरेटर, आणि रस्ता बंद असेल तर डिझेलही पोचत नाही. दुसरीकडे, जमिनीखालची फायबर केबल रस्त्याबरोबर वाहून गेली तर टॉवरला वीज असूनही उपयोग नसतो. तुमचा फोन त्याच्याशी बोलेल, पण टॉवर पुढे कोणाशी बोलणार? या मागच्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ड्रोन इथे काय करतो?

ड्रोनवर एक छोटं बेस स्टेशन आणि अँटेना बसवलेली असते, म्हणजे टॉवरवर जे सामान असतं त्याचीच हलकी आवृत्ती. तुमच्या फोनच्या दृष्टीने तो साधा टॉवरच. वेगळं अ‍ॅप नको, वेगळं सिम नको.

पण बॅकहॉल लागतोच. सहसा जमिनीवरच्या गाडीवर सॅटेलाइट डिश असते. फोनचा सिग्नल ड्रोनकडे, तिथून केबलने गाडीकडे, गाडीतून उपग्रहाकडे आणि उपग्रहातून कंपनीच्या नेटवर्ककडे, असा तो प्रवास. त्यामुळे ‘ड्रोन उडवला की इंटरनेट आलं’ असं नसतं. ड्रोन फक्त शेवटचा टप्पा जोडतो.

उंचीचा फायदा किती?

पृथ्वी गोल असल्यामुळे अँटेना जितकी उंच तितकं क्षितिज लांब. यासाठी एक सोपं सूत्र आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

• ३० मीटर उंचीवरून: सुमारे २० किलोमीटर
• ६० मीटर उंचीवरून: सुमारे २८ किलोमीटर
• २० किलोमीटर उंचीवरून: सुमारे ५०० किलोमीटर

मात्र हे ‘दिसण्याचं’ अंतर झालं, रेंजचं नाही. टॉवर जोरात बोलू शकतो, पण तुमचा फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅटनेच उत्तर देतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद एक चतुर्थांश उरते. आणि घराच्या भिंती वेगळ्याच. म्हणून प्रत्यक्ष कव्हरेज क्षितिजापेक्षा बरंच कमी असतं. तरीही झाडं, इमारती आणि छोट्या टेकड्यांच्या वरून सिग्नल येत असल्यामुळे जमिनीवरच्या गाडीपेक्षा ड्रोन जास्त भाग झाकतो.

उडती गाय: प्युर्टो रिको, २०१७

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ प्युर्टो रिको बेटावर आदळलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या सुमारे ९५ टक्के मोबाइल साइट बंद होत्या. नोव्हेंबरमध्ये एटी अँड टी कंपनीने राजधानी सान हुआनच्या परिसरात हेलिकॉप्टरसारखा दिसणारा ड्रोन उडवून एलटीई सेवा दिली.

त्याचं नाव ‘फ्लाइंग काऊ’. ट्रकवर बसवलेल्या फिरत्या टॉवरला इंग्रजीत ‘सेल ऑन व्हील्स’ म्हणतात. कुंभमेळ्यासारख्या गर्दीत आपल्याकडेही असे टॉवर उभे करतात. चाकांऐवजी पंख आले म्हणून हा ‘सेल ऑन विंग्ज’. दोन्हींच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘काऊ’ होतो, म्हणून ही उडती गाय.

कंपनीच्या माहितीनुसार हा ड्रोन २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर वर थांबतो, ४० चौरस मैलांपर्यंत (सुमारे १०० चौरस किलोमीटर) कव्हरेज देतो आणि एका वेळी ८,००० लोकांना सेवा देऊ शकतो. गंमत म्हणजे ही गाय दाव्याला बांधलेली असते. जमिनीवरून वर जाणाऱ्या केबलमधून तिला वीजही मिळते आणि डेटाही जातो. म्हणूनच ती बॅटरी संपली की खाली, असं न होता बराच काळ वर राहू शकते.

एक गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. वादळ सप्टेंबरात आलं आणि ड्रोन नोव्हेंबरात. सोसाट्याच्या वाऱ्यात ड्रोन उडत नाही, शिवाय परवानग्या आणि सामान पोचायलाही वेळ जातो. पहिल्या काही तासांत लोकांना मदत हवी असते, आणि नेमकी तीच वेळ ड्रोनसाठी सगळ्यात अवघड असते.

हनान, २०२१: दीड-दोन तासांचा हिशोब

हनानमधला ड्रोन वेगळ्या जातीचा होता. विंग लूंग-२एच हे मोठं, पंख असलेलं, विमानासारखं मानवरहित यान. २१ जुलैला त्याने दूरच्या ग्वेइचौ प्रांतातून उड्डाण केलं आणि साधारण साडेचार तासांनी ते मीह गावाजवळ पोचलं. सुमारे ५० चौरस किलोमीटर भागात पाचेक तास रेंज देण्याची त्याची क्षमता होती.

यातले आकडे बघण्यासारखे आहेत. यान संध्याकाळी साडेसहाच्या आसपास तिथे आलं. रात्री आठपर्यंत एकूण २,५७२ फोन जोडले गेले, एका वेळी जास्तीत जास्त ६४८. आणि सगळ्यांनी मिळून वापरलेला डेटा? जेमतेम १,०९० एमबी.

भागाकार करा. एका फोनच्या वाट्याला अर्धा एमबीसुद्धा येत नाही. तुमच्या फोनने काढलेला एक मूळ फोटो यापेक्षा मोठा असतो! पण ‘आम्ही गच्चीवर आहोत, सगळे ठीक आहोत’ हा निरोप पाठवायला एवढा डेटा भरपूर झाला. आम्ही सर्व्हर सांभाळताना एक नियम पाळतो: पूर्ण सेवा देता येत नसेल, तर सगळ्यात गरजेची सेवा चालू ठेवायची. ड्रोन टॉवर हेच करतो.

सगळे ड्रोन एकसारखे नसतात

१. दाव्याचे ड्रोन: केबलने बांधलेले. बराच वेळ वर राहतात, पण जागा सोडत नाहीत. तिथपर्यंत गाडी पोचणं गरजेचं.

२. मोकळे ड्रोन: चार पंख्यांचा साधा ड्रोन बॅटरीवर साधारण अर्धा तास टिकतो. कारण बहुतेक वीज रेडिओवर नाही, तर हवेत तरंगत राहण्यावरच खर्च होते. हनानसारखं इंधनावरचं मोठं यान काही तास टिकतं.

३. स्ट्रॅटोस्फिअरमधली यानं: सुमारे २० किलोमीटर उंचीवर, विमानांच्या मार्गाच्याही वर, सौरऊर्जेवर उडणारी. एअरबसचं झेफिर २०२२ मध्ये सलग ६४ दिवस हवेत होतं.

तिसरा प्रकार ऐकायला भारी, पण करायला कठीण. फेसबुकने ‘अक्विला’ नावाचं सौर ड्रोन २०१६ मध्ये उडवलं आणि २०१८ मध्ये तो प्रकल्प थांबवला. गूगलच्या घराण्यातल्या ‘लून’ने ड्रोनऐवजी फुगे वापरले. प्युर्टो रिकोमध्ये त्यांनीही मदत केली, २०२० मध्ये केनियात व्यावसायिक सेवा सुरू झाली, पण खर्चाचं गणित न जमल्याने जानेवारी २०२१ मध्ये लून बंद करत असल्याची घोषणा झाली.

‘आमच्या वाडीत रेंज नाही, ड्रोन लावता येईल का?’

हा प्रश्न मला मित्रांकडून नेहमी येतो. सरळ उत्तर: नाही. टॉवर एकदा उभा केला की उभं राहायला त्याला वीज लागत नाही. ड्रोनला प्रत्येक सेकंदाला लागते. शिवाय देखभाल, माणसं, वारा, पाऊस. रोजच्या रेंजसाठी टॉवर आणि फायबरच हवं. ड्रोन म्हणजे अँब्युलन्स; गावाला दवाखाना नाही म्हणून कोणी कायमची अँब्युलन्स उभी करत नाही.

आणि स्वतः प्रयोग करायचा विचार असेल तर थांबा. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सी परवानाधारक कंपन्यांच्या असतात. आपल्याकडे परवानगीशिवाय सिग्नल बूस्टर बसवणंही बेकायदेशीर आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, पण पिवळ्या आणि लाल झोनमध्ये लागते. पूरग्रस्त भागात हौसेने ड्रोन उडवला तर बचाव हेलिकॉप्टरच्या वाटेत अडथळा येतो.

रेंज गेली तर तुम्ही काय करायचं?

• नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. आपत्तीत दूरसंचार विभाग इंट्रा सर्कल रोमिंग सुरू करतो, म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवर फोन जोडला जाऊ शकतो.

• ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ दिसत असेल तर ११२ लावून बघा. कुठल्या तरी कंपनीचा टॉवर फोनला सापडलाय, असा त्याचा अर्थ.

• कॉलपेक्षा एसएमएस आधी. तो खूप कमी जागा घेतो, आणि समोरच्याला रेंज नसेल तर सर्व्हरवर थांबून नंतर पोचतो.

• एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा: नाव, ठिकाण, जवळची खूण, किती माणसं, कोणाला औषध हवंय.

• रेंज शोधत राहणारा फोन बॅटरी भराभर खातो. एअरप्लेन मोड लावा आणि अर्ध्या-एक तासाने थोडा वेळ काढून बघा.

• फोटो बॅकअप, अ‍ॅप अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड आजच बंद करायला शिकून ठेवा. रेंज परत आली की ही कामं आपोआप सुरू होतात आणि सगळ्यांचा मिळून असलेला छोटासा रस्ता अडवतात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वर ड्रोन असो किंवा शेजारच्या कंपनीचा एकुलता एक चालू टॉवर, ती जागा सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. तुम्ही पुराचा व्हिडिओ अपलोड करायचं टाळलंत, तर तेवढ्या जागेत शेजारच्या वाडीतले शेकडो ‘सुखरूप आहोत’ घरी पोचतील.