वायंगणाचं पाणी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली जुनी माणसं गतकाळाबद्दल बोलू लागली की सनावळी येत नाही, पाणी येतं. कुठली झर कधी आटली, कुणाच्या विहिरीने आधी तळ गाठला. आजी सांगायची, डोंगराच्या पायथ्याला आमची दोन पिकं व्हायची. पावसात सरद, आणि भात कापून झालं की झरीचा पाट वळवून वायंगण. चैत्रातही मेरेवरून चालताना पाय ओले व्हायचे म्हणे.

याच डोंगरांत लोहखनिज होतं. पोर्तुगीज सरकारने गोव्यात सातशेहून अधिक खाणपरवाने वाटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं झालं आणि डोंगर खऱ्या अर्थाने फुटू लागले. आजीनेही डोक्यावरून खनिजाच्या टोपल्या वाहिल्या. शेतात मजुरी भाताने मिळायची, खाणीवर रोख. त्या रोकड्यावर काकांची शाळा झाली, हे ती कधी लपवत नसे. मग यंत्रं आली आणि बायकांच्या टोपल्या गेल्या.

इथलं लोहखनिज जांभ्याखाली असतं. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. ती माती शेजारच्याच उतारावर रचली गेली. तिला सगळे डंप म्हणतात. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे सुट्या मातीचा डोंगर जागेवर राहणार कसा? मिरगातच ओहोळ लाल व्हायचे. चिखल शेतात शिरायचा आणि उन्हात विटेसारखा टणक व्हायचा. आजो कुदळीने तो फोडून काढत राहिला, पुढच्या पावसात पुन्हा तेच. नुकसानभरपाई मिळे ती त्या हंगामातल्या पिकाची. शेत कायमचं नासलं, त्याचा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता. माझा संताप आहे तो या हिशेबावर.

जांभा पावसाचं पाणी धरतो आणि उन्हाळाभर झरीला पुरवतो. तोच खरवडला, खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि पंप लावून पाणी उपसलं गेलं. लईराई देवीच्या शिरगावात विहिरींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोचला. आमच्याकडे टँकर आला. ट्रकांच्या रस्त्यावरची घरं धुळीमुळे दारं-खिडक्या लावून जेवायची. या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचा खोकला ‘हवा बदलली’ म्हणून सोडून दिला गेला. वाहून गेलेली माती नद्यांत पोचली. मांडवी-झुआरीच्या गाळात लोह आणि मँगनीज साठलं आहे.

2012 मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 88 लीज रद्द केल्या. ट्रकवाल्यांच्या घरात हप्ते थकले, तेही खरं दुःख होतं. 2022 च्या अखेरीस लिलाव झाले, त्यात डिचोलीचा पट्टाही गेला.

आता खोदायचंच असेल, तर आधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन डोंगर फिरावा. झर कुठे होती, पाट कुठून जायचा, हे नकाशावर उतरवावं. खड्ड्याची खोली आणि डंपची जागा त्यानंतर ठरवावी. आमच्या वाड्यावर स्वतः वायंगण केलेली दोनच माणसं उरली आहेत. हे काम याच उन्हाळ्यात व्हायला हवं.