‘धरेल हळूहळू’ म्हणण्याआधी



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीला एक सून बाळाला घेऊन आली होती. बाळ नऊ महिन्यांचं. मांडीवर घेतलं की अंग मागे ताणायचं, मुठी घट्ट मिटलेल्या. ती हळूच म्हणाली, “ताई, हा अजून मान धरत नाही.” लगेच तीन-चार जणींनी धीर दिला, “अगं, काही पोरं उशिरा शिकतात. धरेल हळूहळू.” आणि एकीनं विचारलंच, “ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का गं?” सून गप्प झाली.

आज मला या दोन वाक्यांबद्दल बोलायचंय. ती खोडून काढायला माणसांना किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट.

पोटात असताना, बाळंतपणात किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा झाली, तर हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड होतं. कधी गिळणं-बोलणंही. हातापायात दोष नसतो, मेंदूचा निरोप तिथवर नीट पोचत नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूची इजा पुढे वाढत जात नाही. पण लक्ष दिलं नाही, तर सांधे आखडत जातात.

लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांचा स्वतःचा पाय लहानपणीच्या आजारानं वाकडा झाला होता. त्यांनी १८६१ साली बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांच्या सभेत सांगितलं की अडलेलं बाळंतपण, दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताच श्वास कोंडणं आणि मुलाचे ताठरलेले हातपाय यांचा संबंध आहे. पुढे बरीच वर्षं याला ‘लिटलचा आजार’च म्हणत. १८९७ साली व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी वेगळा मुद्दा मांडला. कधी कधी इजा पोटातच झालेली असेल आणि म्हणूनच बाळंतपण अवघड गेलं असेल. नंतरच्या संशोधनात अनेक कारणं पुढे आली : गरोदरपणातला संसर्ग, जन्मानंतरची जबर कावीळ, मेंदूज्वर. ग्रहण मात्र त्यांत कुठंच नाही. नजर नाही, विळीही नाही.

कारण कळत गेलं, पण लवकर काही करता येतं हे पटायला वेळ लागला. बर्टा आणि कॅरेल बोबाथ हे ज्यू दांपत्य हिटलरच्या छळामुळे लंडनला आलं होतं. ती व्यायामाची जाणकार, तो डॉक्टर. १९४० नंतरच्या काळात त्यांनी दाखवलं की अशा मुलाला कसं उचलायचं, कसं बसवायचं, यानंही फरक पडतो. हे रोज करणार कोण? तर आई. म्हणून त्यांनी आईला शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीतलं सगळंच आज मानलं जात नाही. आता बाळाला स्वतः हालचाल करायला लावण्यावर भर असतो. पण लवकर सुरुवात आणि आईचा हात, या दोन गोष्टी टिकल्या.

आपल्या देशात हे काम एका आईनंच उभं केलं. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी १९६६ साली जन्मली, तिला सेरेब्रल पाल्सी होती. इथे फारशी आशा कुणी दाखवली नाही. इंग्लंडमध्ये मात्र तिला व्यायाम मिळाला, शाळा मिळाली. परत आल्यावर मुंबईत तशी शाळा नव्हती. मग मिथूताईंनी १९७२ साली ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. पहिली शाळा सुरू झाली ती तीन मुलांना घेऊन. अभिनेत्री नर्गिस दत्त संस्थेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मालिनी पुढे लंडनला जाऊन एम.ए. झाली आणि तिनं एका बोटानं टाइप करून आपलं पुस्तक लिहिलं.

कोलकाता, दिल्ली, चेन्नईतही अशा संस्था निघाल्या. पण सगळ्या मोठ्या शहरांत. खेड्यातल्या बाळाचं काय? मेक्सिकोतल्या एका खेड्यात अपंग माणसांनीच मुलांसाठी लाकडाची, साध्या सामानाची साधनं बनवली. त्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली पुस्तक लिहिलं, ते जगभरच्या खेड्यांत वापरलं गेलं.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव आलं. २०१६ च्या नव्या कायद्यातही ते आहे. पण आपल्या दारापर्यंत सेवा आली ती ६ फेब्रुवारी २०१३ ला. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ देशात सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. शंका आली तर बाळाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तपासणी आणि उपचार मोफत असतात.

पूर्वी निदान व्हायला एक-दोन वर्षं जायची. आता जाणकार डॉक्टर सहा महिन्यांच्या आतही सांगू शकतात. मेंदू सगळ्यात जास्त शिकतो तोही याच काळात. म्हणून लक्षात ठेवा : चार महिने होऊनही मान सावरत नाही, मुठी उघडत नाहीत, नऊ महिन्यांनीही बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, अंग फार ताठ किंवा फार लुळं आहे, दूध ओढता येत नाही. यातलं एक जरी दिसलं, तरी पथकाची वाट बघू नका. आशाताईला सांगा, दवाखान्यात दाखवा. शंका खोटी ठरली तर पेढे वाटा.

सगळी मुलं चालतील असं मी म्हणणार नाही. पण कुणी स्वतःच्या हातानं जेवेल, कुणी शाळेत बसेल, कुणी मनातलं सांगू शकेल.

त्या सुनेची अडचण वेगळीच होती. जिल्ह्याला आठवड्याला जायचं तर गाडीभाडं, वर बुडालेली मजुरी. त्याच बैठकीत गटानं तिला अंतर्गत कर्ज मंजूर केलं. ग्रहणाचं विचारणाऱ्या काकूच म्हणाल्या, “पहिल्या खेपेला मी येते गं तुझ्यासोबत.”

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं विचारा : कुणाच्या घरी लहान बाळ आहे? ते मान धरतं का?