ट्रॅकिऑस्टॉमीची जखम : उशिरा भरून येणे

मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. गरज संपून नळी काढली की बहुतेक रुग्णांत हे छिद्र टाके न घालता आपोआप मिटते. पहिल्या एक-दोन दिवसांत ते झपाट्याने आकसते आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत त्वचा जुळून येते. त्यानंतरही छिद्रातून हवा आणि कफ येत राहिला, तर जखम रेंगाळली असे समजतात. तीन महिन्यांनीही मार्ग उघडाच असेल, तर त्याला श्वासनलिका व त्वचा यांच्यामधला नाडीव्रण मानतात. लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर बरेचदा याहून अधिक काळ थांबतात.

छिद्र सामान्यतः श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कूर्चावलयाच्या पातळीवर घेतात. अमेरिकन शल्यविशारद शेव्हॅलियर जॅक्सन यांनी १९०९ साली या शस्त्रक्रियेची पद्धत नीट बसवून दिली आणि पुढे १९२१ मध्ये, छिद्र फार वर घेतल्यास स्वरयंत्राखालचा भाग आकसतो, हे दाखवून दिले. त्याआधी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ब्रेतोनो आणि त्रुसो या डॉक्टरांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांवर ही शस्त्रक्रिया केली होती. तिथे नळीचे काम घशातला अडथळा सरेपर्यंतच असे. १९५२ साली कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातल्या नळीवाटे फुफ्फुसांत हवा भरण्याचा मार्ग दाखवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्ण जगवले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथूनच मानली जाते. पुढे कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी आठवडे, महिने राहू लागली आणि न मिटणाऱ्या छिद्रांचा प्रश्न त्याबरोबर वाढला.

ही जखम इतर जखमांसारखी नाही. शस्त्रक्रियेची जखम स्वच्छ ठेवून लवकर मिटवायची, हा शल्यकर्माचा नेहमीचा रिवाज. इथे मात्र ती मुद्दाम उघडी ठेवावी लागते. नळीभोवतीची त्वचा टाक्यांनी घट्ट आवळली, तर बाहेर पडू न शकलेली हवा त्वचेखाली शिरते आणि मान-चेहरा सुजतो. प्रत्येक खोकल्यासरशी कफ जखमेवर येतो, त्यामुळे ती पूर्ण निर्जंतुक राहूच शकत नाही. स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास हे जंतू तिथे वारंवार सापडतात, पण नुसते जंतू सापडले म्हणून प्रतिजैविक द्यायचे नसते. लाली पसरणे, पू, दुर्गंधी, वाढते दुखणे आणि ताप यांवरून संसर्ग ठरवतात.

उशीर का होतो याचे पहिले कारण म्हणजे नळी किती काळ राहिली. काही आठवड्यांनंतर बाहेरची त्वचा मार्गाच्या कडेने आत उतरते आणि श्वासनलिकेच्या अस्तराला जाऊन मिळते. कान टोचल्यावर काडी बरेच दिवस घातलेली राहिली की भोक आतून कातडीने मढते आणि काडी काढली तरी मिटत नाही, तसेच इथे होते. चार महिन्यांहून अधिक काळ नळी असलेल्यांत हा धोका बराच वाढतो. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेची कड त्वचेला शिवली असेल, तर असा मढलेला मार्ग आणखी लवकर तयार होतो. तसे शिवण्यामागे सुरक्षिततेचा विचार असतो : नळी अवेळी निसटली तरी वाट सापडते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा नजरेआड होते. हवा सोपी वाट धरते. छिद्राच्या वर, म्हणजे स्वरयंत्रात किंवा त्याच्या लगत खाली, अडथळा असेल, तर प्रत्येक उच्छ्वास गळ्यातल्या छिद्रातून बाहेर पडतो आणि जखमेच्या कडा पुन्हा पुन्हा विलग करतो. आकसलेली श्वासनलिका, नळीच्या घर्षणाने आत वाढलेले मांसाचे अंकुर, लुळे पडलेले स्वरतंतू, झोपेत घसा मिटण्याचा विकार, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. अशा रुग्णात उघडे छिद्र ही एका अर्थी शरीराने राखलेली वाट असते. वरून घट्ट पट्टी लावली किंवा टाके घातले, तर तो गुदमरू शकतो. म्हणून छिद्र रेंगाळले की मलम बदलण्याआधी दुर्बिणीने वरचा श्वासमार्ग तपासावा, हेच योग्य.

मग शरीराची स्थिती येते : आटोक्यात नसलेला मधुमेह, प्रथिनांची कमतरता, दीर्घकाळचे स्टेरॉइड, धूम्रपान आणि मानेवर झालेले विकिरणोपचार. शेवटचे कारण महाराष्ट्रात ठळकपणे जाणवते, कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे तोंडाचा कर्करोग इथे फार आढळतो. जबडा किंवा जीभ यांवरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सूज येऊन श्वास अडू नये म्हणून तात्पुरती ट्रॅकिऑस्टॉमी करतात आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत विकिरणोपचार सुरू करण्याचा प्रयत्न असतो. तोवर छिद्र मिटले नाही, तर विकिरणोपचारांनी रक्तपुरवठा घटलेल्या त्वचेला ते मिटवणे आणखी जड जाते. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तंबाखू मात्र गेलेला नाही.

देखभालीत साधेपणा बरा. जखम दिवसातून एक-दोनदा आणि ओली होईल तेव्हा सलाइनने पुसावी व कोरडी करावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा वापर अनेक घरांत अजून होतो. नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाच ते इजा करते, म्हणून रोजच्या सफाईला वापरू नये. नळी असताना साधा कापसी गॉज कात्रीने कापून तिच्याभोवती घालू नये, कारण त्याचे सुटे धागे श्वासाबरोबर आत जातात. त्यासाठी चीर असलेले तयार ड्रेसिंग मिळते. मानेभोवतीचा बंध एक बोट आत जाईल इतका सैल असावा. नळीच्या पट्टीखाली त्वचा दबून व्रण होऊ नये म्हणून फोमचे ड्रेसिंग उपयोगी पडते. बाहेर डोकावणाऱ्या लालसर, सहज रक्ताळणाऱ्या अंकुरांना डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट लावतात.

नळी काढल्यावर छिद्रावर हवाबंद पट्टी लावतात. बोलताना, खोकताना आणि शिंकताना तिच्यावर बोटांनी हलका दाब द्यायचा असतो. आवाज स्पष्ट येण्यासाठी तो लागतोच, पण जखमेच्या कडा जुळण्यासाठी त्याची गरज अधिक. ही सवय रुग्णाला नळी निघण्याआधीच शिकवलेली बरी. छिद्र मिटेपर्यंत पोहणे टाळावे आणि अंघोळीत पाणी गळ्यावर घेऊ नये. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाचे छिद्र मात्र कायमचे असते आणि श्वासाची तीच एकमेव वाट असते. ते कधीही झाकायचे नाही.

श्वास घेताना घरघर, दम लागणे, त्वचेखाली करकर लागणारी सूज, छिद्रातून अन्न किंवा पाणी येणे, ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. ताजे लाल रक्त थोडेसे आले तरी थांबू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत छातीतली मोठी धमनी नळीने झिजून फुटण्याआधी असे थोडे रक्त इशाऱ्यासारखे येऊ शकते.

मढलेला मार्ग आपोआप मिटत नाही, त्याला शस्त्रक्रिया लागते. वरची वाट मोकळी असल्याची खात्री झाली की आतली कातडी काढून टाकतात. त्यानंतर काही शल्यविशारद जखम उघडी ठेवून तळापासून भरू देतात, तर काही थराथराने शिवतात. शिवल्यास हवेला बाहेर पडायला छोटी निचरानळी ठेवतात आणि रुग्णाला किमान एक रात्र नजरेखाली ठेवतात, कारण खोकल्याच्या दाबाने हवा मानेत किंवा फुफ्फुसाभोवती शिरू शकते. विकिरणोपचार झालेल्या मानेत तिथली त्वचा भरवशाची नसते. छातीवरून रक्तपुरवठ्यासह ऊती आणावी लागते. कधी कधी जखम मिटूनही व्रण श्वासनलिकेला चिकटतो, तिथे खड्डा पडतो आणि गिळताना तो वरखाली होतो. चिकटलेला भाग सोडवून मध्ये स्नायूचा थर घालण्याची शस्त्रक्रिया बहुधा काही महिने थांबून, व्रण मऊ पडल्यावर करतात.